डायरेक्ट करून टाका

राउटरमध्ये हलणारी वस्तू एकच असते, त्याचं बटण. बाकी सगळं जागच्या जागी घट्ट बसलेलं. पंखा नाही, मोटर नाही, फिरणारी तबकडी नाही. म्हणून हवेशीर जागी ठेवलेला राउटर सहसा म्हातारपणानं जात नाही. आधी जातो तो त्याचा अडॅप्टर, कारण उष्णतेनं त्यातले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे भाग, सुकतात. आणि अडॅप्टर टिकला तर मग बटण जातं, कारण साऱ्या डब्यात माणसाचं बोट जिथं लागतं अशी जागा तेवढीच.

आमचं बटण गेलं ते सासूबाईंच्या रात्रीच्या फेरीमुळे. जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला की त्यांची फेरी सुरू होते. आधी शेगडी, मग सिलिंडरचा रेग्युलेटर, मग गीझर, बाथरूममधले नळ, मागच्या दाराची कडी, देवापुढचा इवलासा एलईडीचा दिवा आणि सगळ्यात शेवटी हॉलमधला राउटर. कट्. हिरवे दिवे विझले की त्या झोपायला जातात. वर्षानुवर्षं यात खंड नाही.

"आजी, बंद नको ना करूस, माझं डाऊनलोड चाललंय," असं नातवानं कितीही विनवलं तरी उत्तर ठरलेलं. "पहाटे ऊठ आणि लाव. डाऊनलोडला काय मुहूर्त लागतो?"

वीज किती वाचते याचा हिशेब मी एकदा त्यांच्यासमोर बसून केला होता. आमचा राउटर साधारण सहा वॅट खातो. रात्रीचे आठ तास धरले तर महिन्याकाठी जेमतेम दीड युनिट. मला वाटलं होतं, आकडा ऐकून त्या फेरीतून राउटरला वगळतील. त्या म्हणाल्या, "दीड युनिट म्हणजे थोडं झालं होय?" विषय संपला. राजापूरकडच्या ज्या घरात त्या वाढल्या तिथं संध्याकाळी कंदिलाच्या काचा पुसणं हे मुलींचं काम होतं. भिंतीवरचं बटण त्यांना रोजच्या वापरात मिळालं ते लग्नानंतर. चालू करायला येतं ती वस्तू बंदही करायची असते, हे त्यांच्या दृष्टीनं इतकं उघड आहे की त्यावर वाद घालावा असं त्यांना वाटतच नाही.

भिंतीवरचं बटण बंद करायला त्यांची हरकत नव्हती. पण ते आहे टीव्हीच्या कपाटामागे, जमिनीपासून वीतभर उंचीवर. फ्लॅट बांधताना वायरमननं ते तिथं का बसवलं हे त्यालाच ठाऊक. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांना तिथवर वाकता येत नाही. राउटर मात्र कपाटाच्या वर, हाताच्या उंचीवर. म्हणून त्याचंच बटण.

तर ते बटण अडकेनासं झालं. दाबलं की दिवे लागायचे, बोट उचललं की विझायचे. घरातल्या पुरुषमंडळींनी तातडीची उपाययोजना केली. नवऱ्यानं बटण दाबून त्यावर सेलोटेप चिकटवली. उकाड्यात टेप सुटली. मग मुलानं काडेपेटीची काडी मोडून फटीत ठोकली. ती मात्र टिकली, इतकी की बटण आता बंदही होईना. कपाटावरून फडकं फिरलं की काडी हलायची आणि इंटरनेट जायचं, तेही नेमकं नवऱ्याच्या मीटिंगमध्ये. सासूबाई आपल्या फेरीत राउटरशी यायच्या, काडीकडे बघायच्या आणि अडॅप्टरची पिन मागून उपटून ठेवायच्या. असं रोज उपटत राहिलं की ती पिन जिथं बसते तो सॉकेटही सैल होतो. म्हणजे एका रोगातून दुसरा.

इंटरनेटच्या कंपनीचा मुलगा वायर बदलायला आला होता, त्याला दाखवलं. चुणचुणीत पोरगा. त्यानं काडी पाहिली आणि हसून म्हणाला, "मॅडम, डायरेक्ट करून टाका ना. आतून दोन पिना जोडल्या की झालं. नाहीतर नवीन घ्या, हा तसाही जुना झालाय."

त्याच्या दोन्ही सल्ल्यांत वावगं काही नव्हतं. राउटर आमचाच, बाजारातून आणलेला. कंपनीचा फायबरचा डबा वेगळा, तो आपल्या मालकीचा नाही आणि उघडायचाही नाही. डायरेक्ट करायला सोल्डरिंग, म्हणजे धातू वितळवून केलेलं जोडकाम, येत असेल तर पाच मिनिटं पुरतात. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला, पुढं पोटासाठी बँकेत लागले तरी हात पूर्ण विसरलेला नाही. पण तो गेल्यावर मी त्या शब्दापाशी नाही, त्या सवयीपाशी अडकले. आपण किती गोष्टी डायरेक्ट करतो!

लहानपणी आमच्या टीव्हीला असंच दाबायचं बटण होतं, चांगलं अंगठ्याएवढं. ते गेल्यावर मेकॅनिकनं डायरेक्ट करून दिलं आणि पुढची सगळी वर्षं टीव्ही भिंतीवरून बंद केला जायचा. तिथं काही बिघडलं नाही. पण यादी पुढं वाढत जाते. मिक्सरच्या बुडाशी एक लाल बटण असतं. मोटरवर ताण आला की ते बाहेर पडतं आणि मिक्सर थांबतो. ते सारखं पडायला लागलं की दुरुस्तीवाला ते डायरेक्ट करतो. मग चटणीचं खोबरं अडकलं तरी मोटर थांबत नाही, वास येईपर्यंत जळते. जुन्या वाड्यांत चिनीमातीचे किटकॅट फ्यूज असायचे. त्यातली तार वितळली की नेमकी तेवढ्याच जाडीची तार कुणाकडे नसायची. मग हाताला लागेल ती तांब्याची वायर, तीही दोन-चार पदरी, गुंडाळून बसवली जायची. फ्यूज पुन्हा कधी उडायचा नाही, याचं घरात कौतुकही व्हायचं. पुढच्या वेळी भिंतीतली वायर वितळणार, हे कुणाच्या ध्यानात येत नसे.

गीझरचा थर्मोस्टॅट डायरेक्ट केलेली घरं मी पाहिली आहेत. पाणी तापलं की वीज तोडायची, एवढंच त्याचं काम. ते काढून घेतलं तर टाकीतलं पाणी उकळतच राहतं, वाफेचा दाब वाढत जातो आणि मग बराचसा भरवसा दाब सोडणाऱ्या एका छोट्या व्हॉल्व्हवर. त्यावर क्षार साठलेले असतील तर देव तारी.

गावाकडे शेतपंपाला ऑटो स्विच बसवतात. शेतीची वीज बऱ्याचदा रात्री-अपरात्री येते, थंडीत विहिरीवर कोण जाणार? म्हणून वीज आली की पंप आपोआप सुरू. शेतकऱ्याची अडचण खरी आहे, बिबट्याची भीतीही खरी आहे. पण एका डीपीवरचे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरचे, सगळे पंप एकाच क्षणी सुरू होतात, आणि सुरू होताना मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. डीपी जळतो. मग त्या भागाचं पाणी थांबतं ते नवा डीपी येईपर्यंत. ऑटो स्विच काढा, कपॅसिटर बसवा, असं आवाहन महावितरण पुन्हा पुन्हा करत असतं.

या सगळ्या वस्तूंत एक साम्य आहे. त्यांचं काम वीज पोचवण्याचं नाही, अडवण्याचं आहे. फ्यूज, थर्मोस्टॅट, मिक्सरचं लाल बटण, पंपाचा स्टार्टर आणि साधा स्विचसुद्धा. आणि अडवणारी वस्तू बिघडली की ती बिघडली असं आपण म्हणत नाही, ती नडते असं म्हणतो. चालणं म्हणजे ठीक, थांबणं म्हणजे बिघाड, असा आपला सरळ हिशेब. थांबवता येणं हाही त्या यंत्राचा अर्धा गुण होता, हे हिशेबात कुठंच येत नाही.

खरं तर स्विच बनवणाऱ्यांना पहिल्यापासून छळलं ते बंद करण्यानंच. विजेचे दिवे नवे होते तेव्हा बटण हळूच बंद केलं की दोन पत्र्यांमधल्या हवेत ठिणगीची कमान तग धरून राहायची आणि पत्रे खाऊन टाकायची. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या जॉन हेन्री होम्स यांनी १८८४ मध्ये यावर तोड काढली. त्यांनी स्विचमध्ये अशी कळ बसवली की माणूस कितीही सावकाश बटण ओढो, आतले पत्रे मात्र झटक्यात दूर जावेत. आपल्या भिंतीवरच्या बटणाचा तो टक् आवाज त्या घराण्यातला. आजच्या एसी विजेत थोडं सोपं झालंय, कारण ५० हर्ट्झची वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते आणि ठिणगीला विझायला तेवढी संधी मिळते. डीसीत, म्हणजे एकाच दिशेनं वाहणाऱ्या विजेत, ती सोय नाही. म्हणून २३० व्होल्ट एसीसाठीचा स्विच तेवढ्याच व्होल्टच्या डीसीला चालेलच असं नसतं. सोलरची कामं करणाऱ्यांना हे पक्कं माहीत असतं.

राउटरचे १२ व्होल्ट म्हणजे त्या मानानं अगदी गरीब. इथं कमान टिकत नाही. इथं त्रास होतो तो उलट बाजूनं, सुरू करताना. आत शिरल्या शिरल्या विजेला रिकामे कपॅसिटर भेटतात, आणि ते भरेपर्यंत, सेकंदाच्या अगदी छोट्या अंशात, लेबलावर लिहिलेल्या करंटच्या अनेक पट करंट त्या चिमुकल्या पत्र्यांतून धावतो. रोज एक बारीकशी ठिणगी. रोज एक न दिसणारा चट्टा.

शनिवारी दुपारी मी डबा उघडायला घेतला. अडॅप्टर आधी काढून बाजूला ठेवला. इथं एक गोष्ट सांगून ठेवते. राउटर उघडायला घाबरू नका, १२ व्होल्ट अंगाला लागत नाहीत. अडॅप्टर मात्र उघडू नका. घरातली २३० व्होल्टची वीज त्याच्या आत डीसी होऊन सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास एका कपॅसिटरमध्ये बसलेली असते, आणि पिन भिंतीतून काढली म्हणून ती लगेच उतरेलच असं नाही.

स्क्रू दिसेनात. ते असतात खालच्या रबरी पायांच्या आत. आपली वस्तू उघडायला आपल्याला लाज वाटावी अशी ही सगळी मांडणी. चिकटवलेले पाय सोलायचे, ते परत कधी नीट बसत नाहीत. मग कडेनं प्लास्टिकचे आकडे, जे उचकटताना एखादा तुटतोच. जुनं एटीएम कार्ड फटीत घालून हळूहळू कडेनं फिरवलं. आकडे सुटले. झाकण एकदम ओढायचं नाही, कारण अँटेनांच्या बारीक तारा झाकणापासून आतल्या सर्किटच्या पाटीपर्यंत गेलेल्या असतात.

आत बऱ्यापैकी धूळ, एक मेलेली चिलट आणि कोपऱ्यात आमचा आरोपी. नखाएवढा चौकोनी पांढरा-काळा डबा, खाली दोन रांगांत सहा पिना. अडॅप्टर तेवढ्यापुरता पुन्हा जोडला, व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर लावून बटण बोटानं दाबून धरलं आणि राउटर चालू असताना स्विचच्या दोन टोकांत किती व्होल्ट अडकतात ते पाहिलं. निरोगी स्विचमध्ये हा आकडा काही मिलिव्होल्टांचा असतो. इथं जवळजवळ अर्धा व्होल्ट. म्हणजे बटण अडकवणारा खटका तर गेलाच होता, पण आतले पत्रेही थकलेले. अर्धा व्होल्ट कमी पोचला म्हणून राउटरचं अडत नाही, कारण आत तो १२ व्होल्टचे ३.३ आणि त्याहूनही कमी करून घेतो. अडतं ते पत्र्यांची पकड क्षणभर सुटली की. तेवढ्यात राउटर मरतो आणि पुन्हा जन्माला येतो, आणि पुरता शुद्धीवर यायला दोन-तीन मिनिटं घेतो.

आता तीन वाटा होत्या. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून बघणं. त्यानं पत्रे साफ झाले असते, खटका दुरुस्त झाला नसता. डायरेक्ट करणं. किंवा नवा स्विच. दुसरी वाट खरंच मोहक होती. इस्त्रीसारखी तापलेली सोल्डर गन हातात होती, तारेचा तुकडा समोर होता, आणि घरात नवऱ्याला आणि मुलाला तेच हवं होतं. नवरा म्हणाला, "स्मार्ट प्लग लावू ना, आईला मोबाइलवरून बंद करता येईल." वायफाय बंद करायला वायफायवर चालणारा प्लग. बंद होईल, पण सकाळी चालू कोण करणार, असं विचारल्यावर तो चहा करायला गेला.

स्विच आणायला तपकीर गल्ली गाठली. पुण्यात विजेचं आणि इलेक्ट्रॉनिक्सचं सुटं सामान म्हटलं की पाय बुधवार पेठेकडे वळतात. आता मेट्रोनं मंडईला उतरून चालत जाता येतं, नाहीतर त्या भागात गाडी लावणं हा वेगळा प्रकल्प होता. गल्लीत शिरलं की दोन्ही बाजूंना वायरींची भेंडोळी, माळा, होल्डर, स्पीकर, रिमोट, आणि वर लोंबणारे एलईडी. ऑनलाइन हाच स्विच मिळतो, पण त्याचं नाव काय टाइप करायचं इथून सुरुवात. इथं जुना नग काउंटरवर ठेवला की काम भागतं.

दुकानदारानं चष्मा कपाळावर नेऊन स्विच डोळ्यांजवळ धरला. "सेल्फ लॉक की नॉन लॉक?"

"सेल्फ लॉक, दाबला की आत अडकणारा. सहा पिनी."

"साइज?"

ते मी मोजून नेलं होतं, कारण हे स्विच ५.८, ७, ८ आणि ८.५ मिलिमीटरचे येतात, डोळ्यांना एकसारखेच दिसतात, आणि पाटीवरची भोकं मात्र एकालाच ओळखतात. त्यानं मागच्या असंख्य खणांतला एक खण न बघता ओढला. एका नगाची किंमत अमृततुल्यातल्या चहाहून कमी. "एक देत नाही ताई, पाकीट घ्या. दहा आहेत." मी एवढ्यांचं काय करू, म्हटल्यावर तो म्हणाला, "लागतील. ज्याला बदलता येतं त्याला लोक आणून देतात."

मागं ओळीत एक मुलगा ब्लूटूथ स्पीकरचा चार्जिंग पॉइंट मागत होता, त्याच्या मागं एक आजोबा टेबलफॅनचं बटण. गर्दी सगळी अशीच, दहा-वीस रुपयांच्या वस्तूसाठी हजाराची वस्तू वाचवायला आलेली. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ च्या जुलैमध्ये दुरुस्तीच्या हक्काबद्दल समिती नेमली, डिसेंबरमध्ये त्यासाठी पोर्टलही सुरू झालं. चांगलंच आहे. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं, गाड्या यांचे सुटे भाग आणि माहिती मिळायला हवीच. पण सात मिलिमीटरच्या स्विचपर्यंत तो हक्क पोचेल तेव्हा पोचेल. तोवर ही गल्ली आहे.

जुना स्विच पाटीवरून काढणं हे या साऱ्या प्रकरणातलं सगळ्यात चिवट काम, आणि तेच व्हिडिओंमध्ये सगळ्यात भराभर दाखवतात. (काउंटरवर नेलेला नग काढलेला होता हे चाणाक्षांच्या लक्षात आलं असेलच. मी मागचं पुढं सांगतेय.) २००६ च्या १ जुलैपासून युरोपनं इलेक्ट्रॉनिक्समधल्या शिशावर बंधन आणलं, आणि जगभरचे कारखाने बिनशिशाच्या सोल्डरकडे वळले. जुनं कथील-शिशाचं मिश्रण १८३ अंशांच्या आसपास वितळतं, नवं २१७ च्या पुढं. त्यात भर म्हणजे स्विचच्या काही पिना पाटीतल्या तांब्याच्या मोठ्या पसरट थराला जोडलेल्या; गनची सगळी उष्णता तो थर पिऊन टाकतो. २५ वॅटची गन टेकवून बसलं तरी सोल्डर ढिम्म. यावर जुनी युक्ती अशी की काढायचं आहे तिथंच आधी थोडं जुन्या जातीचं सोल्डर घालायचं. दोन्ही मिसळली की वितळण्याचा बिंदू खाली येतो. मग पिचकारीसारख्या सकरनं ओढून घ्यायचं, उरलेलं तांब्याच्या विणलेल्या पट्टीवर टिपायचं. घाई करून पिन ओढली तर पिनेभोवतीचं तांब्याचं कडं सोलून येतं आणि मग राउटर खरंच नवा घ्यावा लागतो.

सोल्डर पसरायला मदत करणाऱ्या फ्लक्सचा धूर खोलीभर झाला तशी सासूबाई दारात आल्या. "कसला गं वास? नवसागर आणलास काय?"

"नाही आई, राळ आहे. सोल्डरिंगची."

पण त्यांचा नेम फारसा चुकला नव्हता. कल्हईवाला भांड्यात नवसागर फिरवायचा तो याचसाठी. तापलेल्या धातूवर हवेनं जो मळ चढतो तो काढून टाकायचा, म्हणजे कथील पसरतं. माझ्या हातातली राळही तेच करत होती. त्या खुर्ची ओढून बसल्या आणि दापोलीत का कुठं, आतेकडे येणारा कल्हईवाला कसा पितळेचं पातेलं चिमट्यात धरून कापसाच्या बोळ्यानं एका फटक्यात रुपेरी करायचा ते सांगत राहिल्या. मी खिडकी पूर्ण उघडली. शिसं हाताला लागतं, म्हणून मध्येच त्यांनी पुढं केलेला लाडू नाकारावा लागला, याचा त्यांना राग आला.

काढलेल्या स्विचची मी चिरफाड केली. याला इलाज नाही, ते केल्याशिवाय मला चैन पडत नाही. वरच्या पत्र्याचे कान उचलले की आतून चार वस्तू बाहेर येतात: दांडा, स्प्रिंग, पत्र्यांची जोडी आणि एक वाकवलेली बारीक पोलादी तार. सगळी गंमत त्या तारेत आणि दांड्यावरच्या एका खाचेत. खाच पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराची. बटण दाबलं की तारेचं टोक बदामाच्या एका कडेनं वर चढतं, बोट सोडलं की मधल्या खळग्यात येऊन बसतं, आणि बटण आत राहतं. पुन्हा दाबलं की टोक खळग्यातून सुटून दुसऱ्या कडेनं खाली उतरतं, बटण बाहेर. आलेल्या वाटेनं ते परत जात नाही, कारण खाचेच्या तळाला बारीक पायऱ्या असतात. टोक एका पायरीवरून खाली उतरलं की मागं चढता येत नाही. मेमरी कार्ड दाबून बसवतो आणि दाबूनच काढतो ती खाच, कपाटाचं दाबलं की उघडणारं दार, लहानपणच्या टीव्हीचं ते अंगठ्याएवढं बटण, सगळीकडे हीच चाल असते. ना चिप, ना प्रोग्रॅम. एक तार आणि एक वाट, आणि यंत्राला आठवतं की आपण चालू आहोत की बंद.

आमच्या बदामाचा खळगा झिजला होता. रोज रात्री एक आणि सकाळी एक, अशी तार तिथून जाऊन प्लास्टिकची कड गुळगुळीत झालेली, त्यामुळे टोक बसायच्या ऐवजी घसरून जायचं. पत्र्यांवर काळपट थर, मध्ये बारीक खड्डे. भिंग लावून पाहिलं आणि मुलालाही दाखवलं. "म्हणजे आजीनं झिजवलं," तो म्हणाला. वाक्य तक्रारीचं होतं, सूर आदराचा.

नवा स्विच बसवताना एवढंच पाहायचं की तो पाटीला पूर्ण टेकला आहे. तिरका बसला तर बाहेरचं प्लास्टिकचं टोपण त्याला नीट भिडत नाही आणि दाब एका बाजूनं पडून खटका लवकर जातो. सहाही पिना लावल्या. आमच्या पाटीवर दोन्ही रांगा समांतर जोडलेल्या होत्या, म्हणजे करंट वाटून जावा. एवढ्यापुरता तरी त्या कारखान्यातल्या कुणी विचार केला होता. मल्टिमीटरवर आता वीस-पंचवीस मिलिव्होल्ट. झाकण लावलं. एक आकडा तुटलाच.

डब्यावर बटणाशेजारी जी खूण छापलेली आहे तिच्याकडे मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. वरून तुटलेलं वर्तुळ आणि त्या फटीत उभी रेघ. चिन्हांच्या मूळ आंतरराष्ट्रीय यादीत ही खूण स्टँडबायची, म्हणजे डुलकीची. खऱ्याखुऱ्या चालू-बंदच्या बटणाला वर्तुळ अखंड असतं आणि रेघ त्याच्या आत. आमच्या राउटरचं बटण वीज पुरती तोडतं, तरी त्यावर खूण डुलकीची आहे, आणि हॉलमधला टीव्ही नुसता डुलकी घेतो तरी त्याला आपण बंद म्हणतो. हल्लीच्या टीव्हीला पुरतं तोडणारं बटण नसतंच बहुधा. फोनची बॅटरी काढता येत नाही. फोन बंद करायचा तर आधी फोनला विचारावं लागतं, आणि तो उलट विचारतो, नक्की का? गोठला की तेही विचारत नाही. बटण दाबून ठेवायचं आणि त्याच्या मर्जीची वाट बघायची.

राउटर त्या बाबतीत मागासलेला आहे, आणि मला तो त्यासाठीच आवडायला लागला. काही चालेनासं झालं की "बंद करून दहा सेकंदांनी चालू करा" असं फोनवरचा माणूस सांगतो तेव्हा आपल्याला वाटतं, टाळतोय. टाळत नसतो. राउटरच्या आत कुठलं उपकरण कुणाशी बोलतंय याच्या नोंदी साठत जातात, एखादा प्रोग्रॅम मेमरी घेऊन परत द्यायला विसरतो, पलीकडच्या टोकाशी जुनीच जोडणी अर्धवट लटकून राहते. ते एकेक शोधून निस्तरण्यापेक्षा वीज तोडली की पाटी कोरी होते. दहा सेकंद अशासाठी की कपॅसिटरमधली शिल्लक संपावी. या हिशेबानं आमच्याकडे रोज रात्री राउटरची पाटी कोरी होत होती. आमचं इंटरनेट शेजाऱ्यांपेक्षा कमी कुरकुरतं, याचं श्रेय मी आजवर कंपनीच्या प्लॅनला देत आले.

रात्रीच्या फेरीत सासूबाईंनी नवं बटण दाबून पाहिलं. "घट्ट आहे," म्हणाल्या.

"नवीन आहे आई. सैल होईल."

"होऊ दे. पण काडी काढलीस ते बरं केलंस. घरात काड्या खोचलेल्या बऱ्या दिसत नाहीत."

दुकानदाराचं भाकीत खरं ठरायला फार वेळ लागला नाही. एक स्विच शेजारच्या मुलीच्या टेबलदिव्यात गेला, तो यूएसबीवर चालणारा होता म्हणून जमलं. २३० व्होल्टच्या कामाला हे स्विच लावायचे नसतात, हे प्रत्येकाला सांगावं लागतं आणि प्रत्येकाला ते मी उगाच भाव खाते असं वाटतं.

मग खालच्या मजल्यावरचे काका आले. पावसाळ्याचे दिवस. त्यांच्या घरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की आपोआप पडणारा स्विच, सकाळी अंघोळीच्या वेळी नेमका पडत होता आणि सगळ्या घराची वीज जात होती. "तू ते डायरेक्ट करून देशील का? त्या स्विचसारखं?"

मी नाही म्हटलं. ३० मिलिअँपिअर करंट भलतीकडे गळला की वीज तोडायची, यासाठीच तो तिथं बसवलेला असतो, आणि अंघोळीच्या वेळीच पडतो याचा अर्थ गीझर बघायला हवा. काका थोडे नाराज झाले. वायरमनला फोन लावून दिला. त्यानं गीझर बंद ठेवून आरसीसीबी वर केला, तो टिकला. गीझर लावला, लगेच पडला. कॉइल फुटली होती, वीज पाण्यात उतरत होती. कॉइल बदलायला त्यानं बाराशे घेतले. काकांच्या मते जरा जास्तच घेतले.